पंधरा मुखवट्यांची यादी

नाशिकमध्ये द्वारका चौकात एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, तीन टेबलं, एक फॅक्स आणि माझा इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर. परदेशी जाणाऱ्या मालाची कस्टमची कागदपत्रं तयार करायची, हे आमचं काम. माल म्हणजे बहुतेक द्राक्षं, नाहीतर कांदा. बी.कॉम. झाल्यावर मी तिथे लागले ती नव्वदच्या दशकाच्या मध्याला, आणि तीन-चार वर्षांत माझ्या कागदात चूक सापडत नाही असं साहेब लोकांना सांगू लागले. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्याची चूक सापडली की मी ती जरा मोठ्यानेच सांगायचे.

एका डिसेंबरात ऑफिसात एक सर आले. कॉलेजातून निवृत्त झालेले, पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्याचा अभ्यास करणारे. बोहाडा म्हणजे तिकडच्या गावांत चैत्र-वैशाखात होणारा सोंगांचा उत्सव. गणपती, भीम, वेताळ, राक्षस अशी सोंगं मुखवटे लावून संबळाच्या तालावर नाचतात आणि शेवटी देवी निघते. एकेका मुखवट्याचा मान एकेका घराकडे असतो. युरोपातल्या एका संग्रहालयाला असे पंधरा मुखवटे सहा-सात महिने मांडायचे होते. विकत नको होते, फक्त दाखवायला हवे होते. ते न्यायचे कसे, असं सर विचारत होते.

साहेबांनी कार्नेटचं नाव काढलं. मी ते नाव ऐकलं होतं, पण कागद कधी पाहिला नव्हता. साहेबांनी समजावून सांगितलं, की हा मालाचा पासपोर्ट समज. जो माल विकायचा नाही, नेऊन परत आणायचा आहे, त्याच्यावर ना तिकडे कर भरायचा, ना परत येताना इकडे. हिरव्या कव्हरचं पुस्तक असतं. आपल्याकडून निघताना आणि परतताना पिवळी पानं, तिकडे शिरताना आणि निघताना पांढरी. प्रत्येक ठिकाणी अधिकारी शिक्का मारतो, पान फाडून घेतो आणि त्याची स्थळप्रत पुस्तकात राहते. सगळ्याचा पाया म्हणजे सुरुवातीची यादी. कोणती वस्तू, किती नग, वजन किती, किंमत किती. ती यादी एकदा दिल्लीहून मंजूर होऊन आली, की तिच्यात एक शब्द वाढवता येत नाही.

यादी करायला मी सरांबरोबर गावी गेले. पेठ रस्त्याने घाट चढून, मग आत कच्च्या रस्त्याने जीपमधून. मुखवटे एका घराच्या माळ्यावर, जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवलेले होते. ते सांभाळणारे बाबा साठीच्या पुढचे, काटकुळे, हाताची बोटं मात्र लांब आणि जाड. काही मुखवटे त्यांच्या वडिलांनी कोरलेले, काही त्यांनी स्वतः. लाकडाचे सहा आणि बाकीचे कागदाच्या लगद्याचे. दरवर्षी बोहाड्याआधी ते सगळ्यांना नव्याने रंग द्यायचे.

ओट्यावर माणसं जमली. बरेच जण नको म्हणत होते. देव गावाची शीव ओलांडून कधी गेले नाहीत, तिकडे कोण त्यांना हात लावील, असं त्यांचं म्हणणं होतं. सर समजावत होते. मग बाबांनी विचारलं, तिथे मुखवटा मांडल्यावर कोणी केला ते लिहितात का. सर म्हणाले, लिहितात, तुमचं आणि तुमच्या वडिलांचंही नाव लिहायला लावीन. बाबा म्हणाले, "माझ्या बापाचं नाव कुठंच लिवलेलं नाय." त्यानंतर गावाला राजी करायचं काम त्यांनीच केलं. नीट आले नाहीत तर माझ्यावर, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं.

सोसायटीचा धान्याचा काटा आणला होता. एकेक मुखवटा काट्यावर ठेवून मी वजन लिहीत होते. देवीचा मुखवटा बाबा काट्यावर ठेवू देईनात. देवीला जोखायचं नाही म्हणाले. मग ते स्वतः देवीला छातीशी धरून काट्यावर चढले, नंतर तिला मुलाकडे देऊन एकटे चढले आणि मी वजाबाकी केली. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी सांगितलंच नाही. सरांना विचारून मी आकडे टाकले.

देवीच्या मुखवट्यामागे प्रभावळ होती. लाकडाच्या पट्ट्यांची कमान, तिच्यावर रंगीत कागद आणि छोटे आरसे. ती सुतळीने मुखवट्याला बांधलेली. बाबांनी सुतळी सोडून दोन्ही वेगळी करून माझ्यासमोर ठेवली.

"ही दोन हायत, बाई. प्रभावळीची पूजा निराळी आसती."

माझ्या वहीत चौदा ओळी भरल्या होत्या आणि पंधरावी चालू होती. सरांच्या पत्रात पंधरा मुखवटे होते, संग्रहालयाच्या पत्रातही पंधराच. मी म्हणाले, कागदावर एकच बरं, बांधलेलीच जाणार आहेत ना. बाबांनी बरं म्हणून मान हलवली. ते शिकलेले नव्हते आणि वही माझ्या हातात होती. मी लिहिलं, देवीचा मुखवटा, प्रभावळीसह, नग एक.

निघताना त्यांनी मला जीपपाशी गाठलं. "तुमी लिवता म्हणून तुमालाच इचारतो. येतील ना परत?"

मी सांगितलं, की बाबा, हे सरकारी पुस्तक आहे, वर्षाच्या आत परत आले नाहीत तर सरकार जाब विचारतं, यावंच लागतं. तसा नियमच आहे, हे मी अगदी खात्रीने सांगितलं.

पुढच्या बोहाड्याला गावाने मुखवटे वापरले आणि तो झाल्यावर मेमध्ये पेटी मुंबईहून विमानाने गेली. जाताना देवीची प्रभावळ बांधलेली होती. अधिकाऱ्याने पंधरा मोजले, पिवळ्या पानावर शिक्का मारला. हिवाळ्यात सर प्रदर्शनाचे फोटो घेऊन ऑफिसात आले. एका फोटोत काचेच्या कपाटात देवी होती आणि खाली पाटी. पाटीवर बाबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव इंग्रजीत, एकही अक्षर न चुकवता. बाबाही त्या दिवशी पेठहून एसटीने आले होते. मी बोट ठेवून त्यांना त्यांच्या वडिलांचं नाव दाखवलं. फोटो त्यांनी हातात घेतला नाही, टेबलावरच राहू दिला आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, आता कधी निघतील. मी म्हणाले, फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईत, मार्चमध्ये गावात. त्या सालचा बोहाडा एप्रिलमध्ये होता. मध्ये भरपूर दिवस होते.

पेटी ठरल्या दिवशी मुंबईत उतरली. दोन दिवसांनी मुंबईच्या आमच्या माणसाचा फोन आला, की पेटी सुटत नाही, नग जास्त आहेत.

तिकडच्या लोकांनी पॅकिंग अतिशय काळजीने केलं होतं. आरसे फुटू नयेत म्हणून प्रभावळ सोडून वेगळ्या खोक्यात, मऊ कागदात घातली होती आणि त्या खोक्यावर सोळा नंबर टाकला होता. त्यांच्या पॅकिंग लिस्टमध्ये सोळा, आमच्या यादीत पंधरा. जी वस्तू यादीत नाही ती बाहेरून नव्याने आली असं धरलं जातं. आणि एक नग अडला, की पेटीच अडते.

साहेबांच्या सांगण्यावरून मी आणि सर मुंबईला गेलो. अधिकारी मध्यम वयाचे, शांत बोलणारे होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कार्नेट उघडून त्यांनी पंधरावी ओळ मला वाचून दाखवली. माझीच ओळ. मी म्हणाले, हे दोन्ही मिळून एकच आहे, मी इथे बांधून दाखवते.

ते म्हणाले, "मॅडम, तपासणीच्या अहवालात मी सोळा लिहिलेत. आता पंधरा कसे करू? ज्यांनी यादी केली त्यांनी लिहून द्यावं, की यादी करताना चूक झाली. मग मला वर पाठवता येईल."

परत येताना कसाऱ्याच्या घाटात मी ते पत्र मनात लिहून काढलं. मूळचे दोन भाग होते, मला ते दाखवले होते, मी एक लिहिलं. तीन वाक्यं. दुसऱ्या दिवशी टाइप करून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाले, यादी आपण चुकीची दिली असं आपल्याच लेटरहेडवर द्यायचं म्हणजे लायसन्स धोक्यात. द्राक्षांचा सीझन ऐन भरात आहे, आठ माणसांची पोटं त्याच्यावर आहेत. दुसरा मार्ग काढू. संग्रहालयाकडून खुलासा मागवू, दिल्लीहून पत्र आणू.

मी बरं म्हणाले. ते ड्रॉवर साहेब घरी गेले की उघडंच असायचं. पत्र पुन्हा टाइप करायलाही पाच मिनिटं लागली असती. मला नोकरी जाईल अशी भीती वाटत होती हे खरं आहे. पण ते सगळं खरं नाही. माझी चूक झाली हे शाईने कागदावर उतरलेलं मला बघवणार नव्हतं.

संग्रहालयाचं पत्र यायला अडीच आठवडे लागले. त्यात त्यांनी मनापासून लिहिलं होतं, की सोळाही वस्तू सुस्थितीत पाठवल्या आहेत. म्हणजे गाठ आणखी घट्ट. दिल्लीच्या पत्रात होतं, की मंजूर यादीत बदल करण्याची तरतूद नाही.

त्या दिवसांत बाबा दर आठवड्याला यायचे. पहाटेची एसटी धरून यायचे, पेठ नाक्याहून द्वारकेपर्यंत चालत. दाराजवळच्या बाकावर बसायचे, धोतराचा सोगा गुडघ्यांवर नीट ओढून घेऊन. मी आज पत्र गेलंय, उद्या फॅक्स येईल असं काहीबाही सांगायचे. ते कधी रागावले नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, की पेटी कशापायी अडली. मी म्हणाले, मोजण्यात गोंधळ झालाय. "कुणाच्या?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तिकडच्यांच्या.

मी हे बोलले. त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले.

बोहाडा आठ दिवसांवर आला तेव्हा ते शेवटचे आले. गावात काय चाललंय ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मान असलेली घरं त्यांच्याशी बोलत नव्हती. कोणी म्हणे, बुढ्याने देव विकले. त्यांनी पांगाऱ्याचं लाकूड आणून नवी देवी कोरायला घेतली होती, पण तोंड साधत नव्हतं. बापाने केलेलं तोंड डोळ्यांपुढे होतं आणि हातातून दुसरंच निघत होतं. दोनदा कोरलं, दोन्ही वेळा चुलीत घातलं. एवढं सांगून ते उठले. मी एसटीपर्यंत रिक्षा करून देते म्हणाले, तर नको म्हणाले.

त्या वर्षी त्या गावात बोहाडा झाला नाही. आजूबाजूच्या गावांतले झाले, तिथले संबळ ऐकू येत होते असं नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं.

मे महिन्याच्या अखेरीस मी साहेबांना न विचारता पत्र लिहिलं, माझ्या नावाने, साध्या कागदावर, आणि रजिस्टर्ड पोस्टाने मुंबईला पाठवलं. धैर्य आलं म्हणून नाही. तोवर द्राक्षांचा हंगाम संपला होता आणि घाबरण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. साहेबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की आता काय उपयोग. लायसन्सला काहीही झालं नाही. मलाही कोणी काही विचारलं नाही. त्या तीन वाक्यांवर फाइल हलली आणि पेटी सुटली. सुटेपर्यंत जुलै संपत आला.

पेटी ज्या गोदामात होती तिथे छपरातून पाणी आलं होतं. वरून पेटी कोरडी दिसत होती, तळ मात्र काळा पडला होता. नाशिकला ऑफिसच्या जिन्याखाली आम्ही ती उघडली. कागदाच्या लगद्याचे मुखवटे पुन्हा लगदा व्हायला निघाले होते. भीमाचं नाक हाताला चिकटून आलं. लाकडी मुखवट्यांचे रंग पोपडे धरून सुटले होते, देवीच्या कपाळापासून गालापर्यंत चीर गेली होती आणि सगळ्यांवर पांढरी बुरशी. वरच्या खोक्यातली प्रभावळ तेवढी जशीच्या तशी होती. साहेबांनी कार्नेट तपासलं. चारही पानांवर शिक्के होते. मुदतीत निघालं, उतरल्याची तारीख धरली तर मुदतीत परत आलं, कुणाचं काही देणं लागत नाही. त्यांनी ते दिल्लीला परत पाठवायला मला दिलं. मी पाठवलं.

पेटी गावी पोचवायला मी आणि सर गेलो. भाताची लावणी उरकली होती, बांधांवर माणसं नव्हती. बाबा ओट्यावर आले. चार-पाच महिन्यांत ते फार वाळले होते. एकेक मुखवटा त्यांनी बाहेर काढून घोंगडीवर ओळीने मांडला. सर रडत होते. मी सांगायचं ठरवून गेले होते, म्हणून सांगितलं, की बाबा, चूक तिकडच्यांची नव्हती. तुम्ही दोन म्हणाला होतात, मी एक लिहिलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

ते बुरशी पुसत होते. हात थांबला नाही. म्हणाले, "मला ठावं व्हतं, बाई. तुमी बाकाकडं बघत नव्हत्या."

त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी विचारू शकले नाही. माहीत असूनही ते दर आठवड्याला येऊन बाकावर बसले होते. मी कधीतरी बोलेन म्हणून बसले असतील का, हा विचार मी खूप वर्षं केला आहे आणि त्याचं उत्तर देणारं आता कोणी नाही.

भंगलेल्या देवाला घरात ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते नदीवर नेणार होते. आम्हाला थांबायला कोणी सांगितलं नाही, म्हणून आम्ही निघालो. पंधराच्या पंधरा त्यांनी पाण्यात सोडले असं मुलाने कळवलं. गावातलं कोणी बरोबर गेलं नव्हतं.

मी ती नोकरी सोडली नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस नोकरी सोडतो. मी आणखी नऊ वर्षं तिथेच होते. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, द्राक्षांचे कंटेनर वाढत गेले. सर हळूहळू ऑफिसात येईनासे झाले. पुढे त्यांनी बोहाड्यावरचं पुस्तकही अर्धंच सोडलं असं ऐकलं. घरी आई म्हणायची, तू प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा मोजतेस, भाजीच्या जुड्यासुद्धा. मी मोजायचे. मोजून काही होत नाही हे कळत असूनही मोजायचे.

दोन हजार सालानंतर, चार-पाच वर्षांनी असेल, पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसवर मी कंटेनरच्या कागदांसाठी गेले होते. पेठ-सुरगाण्याकडची माणसं तिथे हंगामापुरती कामाला येतात. शीतगृहाच्या दाराशी द्राक्षांच्या पेट्या रचणाऱ्या एकाने माझ्याकडे पाहिलं आणि तो थांबला. बाबांचा मुलगा. केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानेच ओळख दिली, अंगावरची गोणपाटाची खोळ काढून नमस्कार केला. बाबा कसे आहेत, असं मी विचारलं. म्हणाला, गेले, तिसरं वरीस आता.

मग मी बोहाड्याचं विचारलं. म्हणाला, दोन वर्षं बंद होता, नंतर पोरांनी वर्गणी काढून शहरातून तयार मुखवटे आणले, फायबरचे. नाचतात. मान कुणाचा यावरून भांडणं होतात, म्हणून आता चिठ्ठ्या टाकतात.

"बाबांनी नाही केले नवे?"

"पटाशी परत हातात धरली नाय त्यांनी. मी म्हणलं, मला तरी शिकवा. तर म्हणले, शिकून काय करशील."

आतून मुकादमाने हाक मारली, कंटेनर लागला होता. त्याने खोळ पुन्हा डोक्यावर घेतली आणि तो आत गेला. दाराच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या हलल्या आणि आतली गार हवा माझ्या अंगावर आली. माझ्या हातात पेट्यांची यादी होती. ती घेऊन मी मॅनेजरच्या खोलीत गेले आणि सही घेतली.